देवाच्या नावाने बसलेली भीती, आणि बाहेर पडल्यावर माणसं कुठे शोधायची?

सुरंगी

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर राजापूर तालुक्यात, खाडीकाठचं गाव. आठवीत असताना शाळेच्या मैदानात मला पहिली फिट आली. डॉक्टरच्या आधी मला मठात नेलं. मठाचं आणि बुवांचं नाव लिहिणार नाही, आमच्या गावातली निम्मीअधिक घरं तिथलीच आहेत. तिथे सांगितलं की पोरीला बाधा आहे, आणि गोळ्या दिल्या तर बाधा आत दबून राहील. म्हणून गोळ्या बंद.

मग दर अमावास्येला तिन्हीसांजेला मला पाटावर बसवायचे. समोर घमेल्यात करवंट्यांचे निखारे, त्यावर धूप आणि सुक्या मिरच्या. मानेला धरून धुरावर वाकवायचे आणि विचारायचे, "कोण तू? कुठून आलीस?" मी माझं नाव सांगायचे. ते खोटं म्हणून परत वाकवायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं की सोडतात. आमच्या वाडीतली एक बाई विहिरीत गेली होती, मी तिचं नाव घ्यायला लागले. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्या घरच्यांना त्यासाठी मठात काय काय भरावं लागलं, ते मला पुढे कळलं.

कॉलेजला रत्नागिरीला आले. हॉस्टेलच्या बाईंनी मला सरळ डॉक्टरकडे नेलं, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या. मठाने हाताला बांधलेला दोरा मी कापला. त्यानंतर काही महिन्यांत बाबा हार्ट अटॅकने गेले. त्यांना जुना मधुमेह होता, बिड्या होत्या. बाराव्याला पंगत बसलेली असताना मठातल्या एका बाईने सगळ्यांसमोर म्हटलं, "दोरा तोडलास आणि बापाला खाल्लंस." कोणी काही बोललं नाही. आईसुद्धा नाही.

आता चिपळूणला असते. नोकरी आहे, नवरा समजूतदार आहे, मुलगी आहे. पण शेजारी धूप घातला की हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. अमावास्या कॅलेंडर न बघता कळते. मुलीला ताप आला की मनात पहिला विचार येतो तो दोऱ्याचाच. मग स्वतःचा राग येतो, कारण खरं काय ते मला पक्कं ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. आपल्याकडे मठ, भावकी, लग्नकार्य, गणपती, शिमगा हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एकातून बाहेर पडलं की सगळ्यातूनच बाहेर. भावाचं लग्न मला फोटोत बघायला मिळालं. सासरची माणसं चांगली आहेत, पण म्हणतात, "झालं ते झालं, विसर आता."

यातून गेलेलं कोणी इथे आहे का? भीती कशी गेली, आणि माणसं कुठे मिळाली? एक विनंती आहे, देव आहे की नाही हा वाद इथे नको.

घाटमाथा

वाचून हात थरथरले. वाद घालत नाही, पण कायद्याचं सांगणं आवश्यक वाटतं, कारण तुमच्यासोबत जे झालं ते आज सरळसरळ गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर लगेच वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या गुन्ह्यांच्या यादीत आहे. अंगात शक्ती आहे असं भासवून लोकांना घाबरवणं, आपलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं हेही आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पूजाअर्चा, वारी, कीर्तन, भजन याला हा कायदा हात लावत नाही, तेव्हा 'धर्मावर घाला' वगैरे कोणी म्हणालं तर अनुसूची काढून दाखवा. ती जेमतेम दोन-तीन पानांची आहे.

तिथे आजही पोरी बसवत असतील. तक्रार करायचा विचार केला आहे का?

सुरंगी

घाटमाथा, मनापासून आभार. अनुसूची वाचली. धुरीचं कलम वाचताना रडू आलं. कोणीतरी हे बसून लिहून काढलं, त्याअर्थी माझ्यासारख्या आणखी असणार.

तक्रारीचं म्हणाल तर आज माझ्यात तेवढं बळ नाही. माझी आई दर गुरुवारी तिथे बसते. पण एवढं ठरवलंय की नवीन मुलीला बसवल्याचं कानावर आलं तर गप्प बसणार नाही.

मुचकुंदी

मी रत्नागिरीत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. सुरंगी, तुम्ही स्वतःचा राग करू नका हे आधी सांगते, आणि कारणही सांगते.

डोळ्यांना दिसलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत एका टप्प्यावर थांबून पुढे जातं. वासाला तो थांबा नाही. वास भीतीच्या आणि आठवणीच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. धुपाचा वास आल्यावर तुमचं शरीर आधी घाबरतं आणि 'हे शेजारच्या काकूंचं देवघर आहे' ही समज मागून येते. समज खरी असूनही उशिरा पोचते, म्हणून हात गार पडतात. यात तुमच्या बुद्धीचा किंवा निश्चयाचा काही कमीपणा नाही.

अमेरिकेतल्या मार्लिन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये अशा त्रासाला 'रिलिजिअस ट्रॉमा सिंड्रोम', म्हणजे धर्माच्या नावाने झालेल्या आघाताचा त्रास, असं नाव दिलं. आजारांच्या अधिकृत यादीत ते नाही, त्यामुळे केसपेपरवर हे नाव दिसलं नाही तर गोंधळू नका. पण लहानपणी पुन्हा पुन्हा, आणि जिथून सुटका नाही अशा जागी झालेल्या आघाताचे परिणाम आम्ही रोज बघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या यादीत गुंतागुंतीच्या आघातोत्तर तणावाचं वेगळं निदान आहे. त्यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली आहे. प्रशिक्षित माणसाकडूनच घ्या. घरच्या घरी मुद्दाम धूप घालून 'सवय करून घेते' असं करू नका.

वास आला आणि हात गार पडायला लागले की तुम्ही आज कुठे आहात ते शरीराला दाखवा. पाय जमिनीवर दाबा, फरशीचा गारवा जाणवू द्या, खोलीतल्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्या. मुलीचं नाव घ्या, ते त्या मठात नव्हतंच. श्वास सोडताना जास्त वेळ घ्या. लगेच सगळं थांबणार नाही, पण लाट लवकर ओसरते.

त्या बाईचं नाव घेतल्याचं तुम्ही लिहिलंत. ते एका लेकराने मार चुकवायला घेतलं होतं. तो भार मोठ्यांचा आहे. याविषयी कोणाशी तरी समोरासमोर बसून बोला, ते एकटीने उचलू नका.

इतर वाचणाऱ्यांसाठी: १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, गावात बोभाटा होईल म्हणून थांबू नका. आणि फिटच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करायच्या नाहीत, त्यात जिवाला धोका असतो. नीट उपचार मिळाले तर १० पैकी ७ रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. आपल्याकडे आजही पहिला फेरा बाहेरच्या बघण्याकडेच होतो.

कातळ

मी देव मानणारा माणूस. आमच्या घरात गुरवकी आहे, देवगड तालुक्यात. लिहू की नको असं झालं, पण लिहितो.

कौल घेताना ओल्या कळ्या पाषाणाला लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. लग्न, जमीन, चोरी, सगळ्याचे कौल होतात. आजारपणाचेही होत असत. माझ्या वडिलांनी आजारपणाचा कौल लावणं बंद केलंय. कोणी पोर घेऊन आलं तर सांगतात, "ह्येका आदी डाक्टराकडे न्हेवा. देव खंय पळान जाणा नाय." यावरून त्यांना मानकऱ्यांची बोलणी खावी लागली. गावच्या देवळात हे चालायचं नाही असं सुनावलं गेलं. ते मागे हटले नाहीत, कारण त्यांच्या सख्ख्या बहिणीला साप चावला तेव्हा विष उतरवण्यात रात्र गेली होती.

ताई, तुमच्या बापाला तुम्ही खाल्लं नाहीत. गुरवाच्या घरचा माणूस म्हणून सांगतो, दोरा तोडल्याने कोणी मरत नाही. गाऱ्हाणं घालायला उभे राहिलो की आम्ही म्हणतो, लेकराचं काही चुकलं माकलं असेल तर पदरात घे. पदरात घे म्हणतो, सूड घे म्हणत नाही. तुम्हाला ज्यांनी घाबरवलं त्यांनी आमच्या देवालाही बदनाम केलं, याचा मला फार राग आहे.

सुरंगी

कातळदादा, हे माझ्या आईला वाचून दाखवावंसं वाटतं. डॉक्टरांचं तिने कधी ऐकलं नाही. गुरवाच्या घरचं कदाचित ऐकेल.

सावित्रीकाठ

दक्षिण रायगड. आमची गोष्ट निराळी, पण जखम तीच आहे म्हणून लिहिते.

भावाने जातीबाहेर लग्न केलं आणि गावकीने आमचं घर वाळीत टाकलं. दुकानात मीठ मिळेना, चक्कीवर दळण घेईनात. तेही सोसलं. पण शिमग्याला पालखी दारोदार फिरते, घरोघरी देवीची ओटी भरतात. आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, ताटात खण-नारळ-तांदूळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. ढोल शेजारच्या अंगणापर्यंत वाजत आला. आमच्या घरासमोर थांबला. पालखीचे भोये पावलं उचलून भराभर पुढे गेले, आणि पलीकडच्या अंगणात ढोल परत सुरू झाला. आई ताट घेऊन तशीच उभी. दुसऱ्या दिवशी तिने तोच नारळ फोडून आमटीला वाटप केलं, आणि आमच्यातलं कोणी जेवलं नाही.

आईला आजही वाटतं की देवीनेच तोंड फिरवलं. माणसांनी फिरवलं असं तिला म्हणवत नाही.

सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांचा त्याच्या मागे मोठा वाटा आहे. आम्ही तक्रार केली, बैठका झाल्या, गावकीने माघार घेतली. पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या दारात थांबली. आई बाहेर आली नाही. कायद्याने पालखी थांबवता येते, पण आईला बाहेर कोण आणणार? तो कायदा हवाच, त्याच्याविना आम्ही तगलो नसतो. पण पुढचं सगळं आपल्यालाच करावं लागतं.

माणसं कुठे मिळाली हा तुमचा प्रश्न. आम्हाला मिळाली ती जिकडे आम्ही कधी वळून बघितलं नव्हतं तिकडे. वाळीत असताना लावणीला एक माणूस मिळत नव्हता. तेव्हा बौद्धवाडीतल्या बायका न बोलावता आल्या, चिखलात उतरल्या आणि दोन कोंडकी लावून झाल्यावरच चहाला बसल्या. मजुरीचं विचारलं तर त्यातली आजी म्हणाली, "वाळीत म्हंजी काय ता आमाला नको सांगूस." महाडचं चवदार तळं आमच्यापासून लांब नाही. १९२७ चा सत्याग्रह शाळेत धड्यात वाचला होता, तो काय होता हे मला त्या बांधावर कळलं. आज आई त्यांच्याकडच्या प्रत्येक लग्नाला जाते. आमच्या गावकीतल्या लग्नांना ती अजूनही जात नाही.

बाणकोट

अस्सलाम आणि नमस्कार. मी कोकणी मुसलमान. लहानपणी आम्हाला शिकवायला एक उस्ताद होते, बाकी माणूस वाईट नसेल, पण कबरीतल्या अजाबाचं, म्हणजे मेल्यानंतरच्या यातनांचं, वर्णन असं करायचे की मी रात्र रात्र अंथरुणात बसून राहायचो. एक वेळची नमाज चुकली तरी झोप यायची नाही. पुढे मुंबईत नोकरीला असताना हात धुण्याचं वेड लागलं, वजू (नमाजेआधी हातपाय धुणं) झालाच नाही असं वाटून परत परत धुवायचो, कातडी सोलली. डॉक्टरांनी सांगितलं हा मंत्रचळ आहे, औषध आहे. औषधाने फरक पडला.

मी धर्मातून बाहेर पडलो नाही. सुरंगी, हे तुम्हाला पटवायला लिहीत नाही. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि तुमचा दोरा तुम्ही कापलात ते योग्यच केलंत. माझ्या बाबतीत माझ्या खालाने, म्हणजे मावशीने, हात धरला. ती चुलीवर सांदणं वाफवताना नमाजेची वेळ झाली की म्हणायची, "अल्ला तुजी वाट बगतंय, तुजी हजेरी घेईत नाय." तिच्याशेजारी बसून मी परत नमाज पढायला शिकलो.

गावी परत आल्यावर मात्र मशिदीतल्या ओळखी होत्या, मनातलं बोलायला कोणी नव्हतं. आमच्या शेजारचं वेळास कासवांसाठी ओळखलं जातं, २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखतात. मी सहज जायला लागलो. पहाटे किनाऱ्यावर चालत जायचं, मादीच्या पायांचा माग शोधायचा, खड्ड्यातली अंडी एकेक करून हाताने काढायची, शंभराच्या आसपास असतात, आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात परत ठेवायची. या कामात कोणी कोणाला 'तू काय मानतोस' असं विचारत नाही. तिथे मला माणसं मिळाली. एका हिंदू दोस्ताला मी कबरीच्या भीतीचं पहिल्यांदा सांगितलं ते वाळूत गुडघे टेकून अंडी मोजताना. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

म्हणून माझा सल्ला इतकाच: आधी हाताला काम असलेला गट शोधा. दुःख सांगायचा गट नंतर आपोआप होतो.

रातांबा

बाणकोट, शेवटच्या दोन ओळींना दहा वेळा +१. मी कुडाळची, बालपण एका प्रार्थनागटात गेलं. आमच्यात नाटक-सिनेमा पाप होतं, शाळेच्या गॅदरिंगलाही बसू दिलं नाही. आता दशावतारी कंपनीच्या पेट्या रंगवायला आणि मुकुटांना बेगड लावायला जाते. रात्रभर नाटक बघते. पहिल्यांदा नाटकातला संकासुर राक्षस आला तेव्हा उठून पळावंसं वाटलं होतं, आता विंगेत त्याला चहा मीच देते.

घाटमाथा

मुचकुंदी ताईंना एक प्रश्न. माझ्यासारख्यांना वाटतं की नीट समजावलं, पुरावे दिले की भीती जाते. तुमचा अनुभव काय?

मुचकुंदी

विचार बदलायला पुरावे लागतातच. ज्याला अजून खात्री नाही त्याला तुमचा फार उपयोग होतो. पण सुरंगींची खात्री केव्हाच झाली आहे. त्यांना आता पुरावा हवा तो माणसांचा: मी दोरा तोडला, सगळं सांगितलं, आणि तरी कोणी उठून गेलं नाही. असं बरेच वेळा घडावं लागतं. उपचाराच्या खोलीत मी एकटीच असते, माझ्या एकटीने ते पुरेसं होत नाही. आणि हो, समजावणाऱ्याने त्या माणसाच्या आईला, गावाला, पूर्ण बालपणाला मूर्ख ठरवू नये. त्यात प्रेमही होतं. ते आठवून रडू येणं ही माघार नव्हे.

सुरंगी

सगळ्यांचं परत परत वाचते आहे.

बाबा मला होडीतून खाडीपलीकडे शाळेत सोडायचे आणि परतताना माझ्यासाठी तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढून आणायचे. मठात मला वाकवताना पाय धरायलाही तेच असायचे. मुचकुंदीताई, त्यात प्रेम होतं हे तुम्ही लिहिलंत तेव्हा हे दोन्ही बाबा मला पहिल्यांदा एकत्र आठवले. आजवर एकाला आठवायचं तर दुसऱ्याला ढकलावं लागायचं.

उपचारांसाठी रत्नागिरीची वेळ घेतली आहे. नवरा सोबत येणार आहे.

आणखी एक झालं. शेजारच्या काकूंना मी हे काहीच सांगितलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं असावं. त्यांनी आरतीला धूप बंद करून नुसतं निरांजन लावायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाल्या, "धुराने मलाच खोकला येतो गो." त्यांना खोकला कधी नव्हता. काल मी त्यांच्याकडे आरतीला उभी राहिले, शेवटपर्यंत.

आता बाणकोटदादांचा सल्ला मनावर घेते. चिपळूणला २०२१ च्या पुरात भिजलेली पुस्तकं, वह्या अजून कितीतरी घरांत गाठोडी बांधून पडली आहेत. आमच्या ओळखीतल्या एका वाचनालयात दर रविवारी दुपारी ती सुकवणं, पानं सोडवणं, शिवणं असं काम चालू करतो आहोत. ज्यांना यायचं त्यांनी या. काही सांगायची सक्ती नाही, मानता की नाही मानत हे विचारायचं नाही. पत्ता विपूमध्ये (खाजगी निरोपात) देईन. दाभण आणि मेणदोरा आहे, जुन्या सुती साड्या हव्या आहेत.

सावित्रीकाठ

महाडहून मी येते. साड्या आईच्या आहेत, आईलाही आणायचा प्रयत्न करते.

कातळ

देवगड लांब पडतं, पण महिन्यातून एकदा जमवेन. आम्हाला घरच्या जुन्या पोथ्या शिवायची सवय आहे, खळ कशी करायची ते दाखवतो. मोरचूद घालावं लागतं, नाहीतर कसर लागते. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते विषारी असतं.

शेवरी

नवीन सदस्य आहे, याच धाग्यासाठी खातं काढलं. मी अजून बाहेर पडलेले नाही. दर गुरुवारी जाते, घरी कोणाला काही बोललेले नाही. माझ्या धाकट्या बहिणीला फिट येतात आणि तिच्या गोळ्या मागच्या आठवड्यात बंद केल्या आहेत. अशी माणसं रविवारी आली तर चालेल का?

सुरंगी

शेवरी, चालेल. पण रविवारपर्यंत थांबू नका. बहिणीला आजच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, घरी काय सांगायचं ते आपण बघू. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली किंवा लागोपाठ आली तर लगेच १०८ ला फोन करा. विपू केली आहे, त्यात माझा नंबर आहे. तालुका कोणता ते कळवा.

मुचकुंदी

मीही विपू केली आहे. कुठल्या गोळ्या होत्या त्यांची नावं किंवा रिकामं पाकीट मिळालं तर सोबत न्या. स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका, किती द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. एकटीला जाणं जमत नसेल तर तसं लिहा, धाग्यावरचं कोणी ना कोणी तुमच्या तालुक्यात असेलच.

बाणकोट

मंडणगड-दापोली असेल तर मी गाडी घेऊन येतो.

शेवरी

लांजा.

घाटमाथा

माझा मावसभाऊ लांज्याला असतो, बायको तिथेच नर्स आहे. विपू बघा.